‘शिकारी पक्षी फार झालेत’ म्हणण्याआधी

वडिलांची कबुतरांची ढाबळ होती. चाळीसेक कबुतरं असायची आणि कोण कुणाचं पिल्लू हे त्यांना तोंडपाठ होतं. मी नऊ-दहा वर्षांची असेन. एका सकाळी थवा डोक्यावर घिरट्या घालत असताना बहिरी ससाण्यानं आमची पांढरी मादी हवेतच मारली. वरून दगड पडावा तसा तो आला, ठप् असा आवाज झाला, आणि तो दिसेनासा झाल्यावरही पिसांचा पुंजका बराच वेळ तरंगत होता. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

हे आधी सांगितलं, कारण ज्यांचं कबूतर, कोंबडी किंवा कोकरू शिकारी पक्ष्यानं नेलंय त्यांच्या रागाला मी हलकं लेखत नाही. तो राग मी घरात पाहिलाय. तरीही ‘शिकारी पक्ष्यांची संख्या वाढली आहे, कायद्यानं ती आटोक्यात आणा, ठरावीक प्रमाणात मारायची परवानगी द्या’ या मागणीला माझा ठाम विरोध आहे. ही मागणी वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा पुढे येते. कधी कबुतरवाल्यांकडून, कधी मेंढपाळांकडून, कधी शिकारीची मैदानं राखणाऱ्या जमीनमालकांकडून, आणि कधी अंगणात पाखरांना दाणे टाकणाऱ्या प्रेमळ माणसांकडूनही.

माझ्या विरोधाचं मूळ एका जुन्या प्रकरणात आहे. १९६० च्या सुमाराला ब्रिटनमधल्या कबुतरांच्या शर्यती लावणाऱ्यांनी सरकारकडे तक्रार केली की बहिरी ससाणे फार वाढलेत, त्यांचं कायदेशीर संरक्षण काढून घ्या. मागणी अगदीच नवीन नव्हती. दुसऱ्या महायुद्धात लष्कराची निरोप्या कबुतरं वाचावीत म्हणून सरकारनंच १९४० साली हुकूम काढून सहाशेच्या आसपास ससाणे मारले होते. पण या वेळी निर्णय घेण्याआधी मोजायचं ठरलं. डेरेक रॅटक्लिफ या निसर्गशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली १९६१ आणि १९६२ मध्ये माणसं देशभरातले कडे पालथे घालत फिरली. पिढ्यान्‌पिढ्या ससाण्यांची घरटी असलेले कडे ओस पडले होते. जिथे जोडी होती तिथेही बऱ्याच ठिकाणी पिल्लं नव्हती. युद्धापूर्वीच्या मानानं संख्या निम्म्यावर आली होती आणि अजून घसरत होती.

म्हणजे ‘फार झालेत, मारा’ अशी ओरड चालू होती तेव्हा तो पक्षी संपत चालला होता.

कारण होतं शेतातलं विष. डील्ड्रिनसारखी औषधं लावलेलं बियाणं पाखरं खायची, ती पाखरं ससाणा खायचा, आणि प्रत्येक घासागणिक विष त्याच्या अंगात साठत जायचं. शिवाय डीडीटीमुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली होती की उबवणाऱ्या मादीच्या वजनानंच ती फुटत. रॅटक्लिफनं जुन्या संग्रहांमधली अंडी तपासून १९६७ साली दाखवून दिलं की १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून कवच एकदम पातळ झालंय. कबुतरवाल्यांची तक्रार आली नसती तर ही मोजणी तेव्हा झाली नसती, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. ती माणसं खोटं बोलत नव्हती. त्यांची पाखरं खरोखर जात होती. पण आपल्या ढाबळीतलं नुकसान दिसणं वेगळं आणि देशात पक्षी किती आहेत हे कळणं वेगळं.

‘वाढले’ या शब्दाची मला म्हणूनच भीती वाटते. कधीच्या मानानं वाढले? अमेरिकेत अलास्का वगळता उरलेल्या सलग भूभागात १९६३ मध्ये बाल्ड ईगल या गरुडाच्या जेमतेम ४१७ जोड्या नोंदल्या गेल्या होत्या. २०२१ च्या सरकारी अहवालात हाच आकडा ७१ हजारांच्या पुढे आहे. मोजण्याच्या पद्धतीही मधल्या काळात सुधारल्या, पण वाढ खरीच आहे. नुसते हे दोन आकडे शेजारी ठेवले तर कुणालाही वाटेल की गरुडांचा सुळसुळाट झालाय. पण अलास्कात १९१७ पासून १९५३ पर्यंत गरुड मारणाऱ्याला सरकारी बक्षीस मिळत होतं आणि एक लाखाहून अधिक गरुड त्यात मारले गेले, हे कळल्यावर तोच आकडा वेगळा दिसतो. आजारातून उठलेल्या माणसाचं वजन वाढलं तर आपण त्याला लठ्ठ झालास म्हणत नाही.

माझ्या पिढीनं रिकामं आकाश पाहिलं आणि तेच नेहमीचं समजलं. आता घिरट्या घालणारे पक्षी परत आले की ते आगंतुक वाटतात.

दुसरा मुद्दा निसर्गाच्या हिशेबाचा. शिकारी पक्षी किती असावेत हे मुख्यतः भक्ष्य आणि घरट्याच्या जागा ठरवतात. सोनेरी गरुड वयात यायलाच चार-पाच वर्षं लागतात, मादी बहुधा दोनच अंडी घालते, आणि पुष्कळदा एकच पिल्लू उडतं. जोडी आपला इलाखा राखते आणि दुसऱ्यांना त्यात बस्तान बसवू देत नाही. जागा न मिळालेले तरुण पक्षी आसपास भटकत असतात. एका जाणत्या जोडीला मारलं की त्या जागी हे भटके येतात, त्यामुळे पुढच्या वर्षी पुन्हा परवाना मागावा लागतो. उंदरांवर घुबड जगतं, घुबडावर उंदीर जगत नाहीत, इतकी ही साधी गोष्ट आहे.

‘मग आमच्या चिमण्या, बुलबुल, गाणारी पाखरं का कमी झाली?’ हा प्रश्न मला फार जणांनी विचारलाय, आणि विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. त्यांना मी इंग्लंडमधल्या बुकहॅम कॉमन या जंगलाचं उदाहरण देते. तिथे १९४९ पासून १९७९ पर्यंत पक्ष्यांच्या वर्षवार नोंदी झाल्या. स्पॅरोहॉक, म्हणजे आपल्या शिक्र्याचा भाऊबंद, पहिली दहा वर्षं तिथे होता, मग कीटकनाशकांच्या काळात नाहीसा झाला, आणि सत्तरच्या दशकात परतला. असा प्रयोग ठरवूनही करता आला नसता. लहान पक्ष्यांची संख्या तो नसताना वाढली आणि तो परतल्यावर कोसळली, असं काही झालं का? शास्त्रज्ञांनी तेरा जातींचा हिशेब तपासला, तसं सापडलं नाही. कारण लहान पाखरं भरपूर पिल्लं घालतात आणि त्यातली बहुतेक हिवाळ्यात भुकेनं किंवा थंडीनं मरणारच असतात. त्यातली काही शिक्रा आधी नेतो. पाखरं कमी होण्याची कारणं कुंपणाच्या झाडोऱ्यात, फवारणीत, नांगरलेल्या गवताळ पट्ट्यांत शोधायला हवीत. ते शोधणं कष्टाचं आहे, आणि शिक्रा समोर फांदीवर बसलेला असतो.

आता माझ्या मताला अडचणीचं उदाहरण. स्कॉटलंडमधल्या लँगहोम या माळरानावर १९९२ ते १९९७ असा मोठा अभ्यास झाला. हेन हॅरियर या भोवत्या जातीच्या पक्ष्याला तिथे पूर्ण संरक्षण दिलं. वीण करणाऱ्या माद्या दोनवरून वीसवर गेल्या. ग्राउज, म्हणजे माणसं ज्याची बंदुकीनं शिकार करतात तो पक्षी, इतका घटला की तिथली शिकार बंद करावी लागली आणि राखणदारांच्या नोकऱ्या गेल्या. हे मी लपवणार नाही. शिकारी पक्ष्यांचा कधीच कुणाला फटका बसत नाही असं म्हणणं खोटेपणा ठरेल. पण त्याच माळावर पुढे भोवत्यांच्या घरट्याजवळ उंदीर आणि कोंबडीची पिल्लं ठेवून पाहिली, तेव्हा भक्ष्य म्हणून घरट्यात येणारी ग्राउजची पिल्लं जास्तीत जास्त ८६ टक्क्यांनी घटली. म्हणजे न मारता करण्यासारखं काहीतरी होतं. आणि राखणदार गेल्यावर कोल्हे वाढले, तसे भोवत्येही तिथे टिकले नाहीत. २०२१ मध्ये गावकऱ्यांनी लोकवर्गणी काढून त्या माळाचा मोठा भाग विकत घेतला आणि तिथे निसर्ग राखीव क्षेत्र केलं.

इंग्लंडमध्ये २०१६ साली बझर्ड या पक्ष्याला मारायचा परवाना देण्यात आला. दहापर्यंत पक्षी मारायची मुभा होती, आणि कारण होतं फेझंटची पिल्लं वाचवणं. फेझंट मूळचा ब्रिटनचा नाही. दरवर्षी कोट्यवधी पिल्लं वाढवून रानात सोडतात, नंतर बंदुकीनं टिपण्यासाठी. इतकं सोपं भक्ष्य इतक्या संख्येनं समोर सोडलं तर बझर्ड येणारच. एका खेळासाठी सोडलेला पक्षी वाचवायला रानातला पक्षी मारायचा, हे मला न्यायाचं वाटत नाही आणि वाटणारही नाही.

मेंढपाळाचं दुःख मात्र खरं आहे. पांढऱ्या शेपटीचा समुद्रगरुड ब्रिटनमधून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला संपला होता. १९७५ पासून नॉर्वेतली पिल्लं आणून तो स्कॉटलंडमध्ये परत वसवला. आज काही मेंढपाळ सांगतात की त्यांची कोकरं जातात. मग कोकरू विण्याच्या दिवसांत राखणीला माणूस, निवारा, खर्चाला पैसे, हे सगळं सरकारनं द्यायला हवं, आणि तिथे तशी योजना आहेही. गरुड सगळ्यांना हवा असेल तर त्याची किंमत एकट्या मेंढपाळानं का मोजावी? इथे मी पूर्णपणे त्याच्या बाजूची आहे.

आणि कधी कधी कायदाच पक्ष्याला गुन्हेगार बनवतो. मॅड काऊ रोगाच्या धास्तीनं युरोपीय संघानं २००२ साली नियम कडक केले आणि रानात मेलेली ढोरं उचलून नष्ट करणं भाग पडलं. स्पेनमधली गिधाडं उपाशी पडली आणि जिवंत जनावरांवर हल्ल्याच्या तक्रारी वाढल्या. पुढे २०११ मध्ये नियम सैल झाले. मधल्या काळात गिधाडांना ‘आक्रमक’ ठरवून मोकळे झालेले लोक मी विसरू शकत नाही, कारण ताटातलं अन्न आपणच काढून घेतलं होतं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळच्या चॅनेल बेटांवर तर शिकारी पक्ष्याला हटवणं खरंच गरजेचं होतं, आणि तिथे काय केलं ते मला फार मोलाचं वाटतं. बेटांवरचा छोटा कोल्हा जगात दुसरीकडे कुठेच नाही. नव्वदच्या दशकात सोनेरी गरुड तिथे स्थिरावले आणि कोल्हे झपाट्यानं संपू लागले. गरुड आले कशामुळे? माणसानं नेलेली डुकरं तिथे रानटी होऊन माजली होती, आणि सोनेरी गरुडाला बेटावर टिकू न देणारा बाल्ड ईगल डीडीटीनं आधीच नाहीसा झाला होता. तेव्हा चाळीसहून अधिक सोनेरी गरुड जिवंत पकडून दूर मुख्य भूमीवर सोडले, डुकरं काढली, बाल्ड ईगल परत आणले. २०१६ मध्ये तिथल्या कोल्ह्यांच्या तीन उपजाती संकटग्रस्त यादीतून बाहेर आल्या.

याच्या उलट, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २०२४ साली मंजूर झालेली योजना. पूर्वेकडून पसरत आलेल्या बार्ड आउल या घुबडामुळे तिथलं दुर्मीळ ठिपकेदार घुबड संपत चाललंय, म्हणून तीस वर्षांत साडेचार लाखांपर्यंत बार्ड घुबडं मारायची ही योजना आहे. हेतू एक जात वाचवण्याचा आहे, कुणाच्या छंदाचा नाही, म्हणून मी तिला फेझंटच्या परवान्याशेजारी बसवत नाही. तरीही मला होकार देता येत नाही. ठिपकेदार घुबडाचं जुनं जंगल आधी करवतीनं गेलं. आणि एकदा मारायला लागलं की थांबायचं कधी, याचं उत्तर तीस वर्षांच्या योजनेतही मिळत नाही.

विमानतळावर विमानांना धडकणाऱ्या पक्ष्यांचं सोडा, तिथे माणसांच्या जिवाचा प्रश्न आहे, आणि त्या एका जागेपुरता उपाय करायला सध्याच्या कायद्यांत वाट असतेच. मी विरोध करतेय तो सरसकट ‘संख्या नियंत्रणाला’.

कारण संख्येवर कुणीही भरवसा ठेवू नये, हे भारतातल्या गिधाडांनी शिकवलंय. पांढऱ्या पाठीचं गिधाड ऐंशीच्या दशकात बहुधा जगातला सर्वांत मुबलक मोठा शिकारी पक्षी होता. तेव्हा कुणी ‘फार झालेत’ म्हटलं असतं तर वाद घालणं अवघड गेलं असतं. जनावरांना तेव्हा दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानं, मेलेली ती ढोरं खाऊन, पंधरा वर्षांत हजारातलं एखादंच उरलं. ते गिधाडांना विष आहे हे कळायलाच २००४ उजाडलं.

वडिलांनी ढाबळीवर जाळी बसवली आणि पाखरं सोडायच्या वेळा रोज बदलायला लागले. त्याबरोबर त्यांनी एक वही सुरू केली. ती आता माझ्याकडे आहे. एका वर्षाच्या पानावर अकरा पाखरं गेल्याची नोंद आहे : तीन मांजरानं, एक तारेला आपटून, दोन ससाण्यानं, असं प्रत्यक्ष पाहिलेलं. उरलेल्या पाचांपुढे त्यांनी आधी ‘ससाणा’ असंच लिहिलं होतं. त्यातली दोन कबुतरं काही आठवड्यांनी थकून-भागून परत आली. त्यानंतर पाचही ठिकाणचा ‘ससाणा’ त्यांनी खोडलाय. दोघांपुढे परतल्याची तारीख घातलीय आणि उरलेल्या तिघांपुढे लिहिलंय, ‘माहीत नाही’.