उरण 1989 साली जन्माला आलं नाही

प्लॉट विकणाऱ्या कुणी लिहिलाय की एखाद्या भाबड्या उत्साही माणसाने, कोण जाणे. पण उरणबद्दलचा एक मजकूर सध्या नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या ग्रुपवर जोरात फिरतोय. त्याचा गोषवारा असा: जेएनपीटी, म्हणजे न्हावा-शेवाचं बंदर, येईपर्यंत उरण म्हणजे चार झोपड्यांचा कोळीवाडा, इतिहास शून्य, जमीन सगळी पडीक खाजण (खाडीकाठची खारी दलदल), सरकारने घेतली म्हणून सोनं झालं, अटल सेतू होईपर्यंत मुंबईशी संबंध नाही, आणि आज मात्र ते ‘पाच लाख वस्तीचं शहर’. शेवटी अर्थातच ‘पुढे पाठवा’. नेरुळ-बेलापूरची चांगली शिकलीसवरलेली माणसं हे पुढे पाठवताना दिसली, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी शून्य इतिहासाचं बघू. उरणजवळच्या चाणजे गावात शिलाहार राजा सोमेश्वराचा शिलालेख मिळाला, शके 1182 चा, म्हणजे इसवी सन 1260 चा. उरण भागातल्या एका बागेचं 162 पारुथ द्रम्म (तेव्हाची नाणी) एवढं ठरीव उत्पन्न ठाण्याच्या, तेव्हाच्या श्रीस्थानकाच्या, उत्तरेश्वर महादेवाला लावून दिल्याची नोंद त्यात आहे. देवाची भक्ती वगैरे ठीक, पण मला त्यातला आकडा बोलका वाटतो. दीडशे नव्हे, पावणेदोनशे नव्हे, नेमके 162. म्हणजे बाग मोजलेली, उत्पन्न बांधलेलं, हिशेब ठेवणारं कोणीतरी बसलेलं, आणि ठाण्याच्या देवळापर्यंत पैसा पोचवायची सोयही असणार. चार झोपड्यांच्या वस्तीत हे होत नसतं.

पुढे पोर्तुगीज आले, मराठे आले, कंपनी आली. 1782 च्या सालबाईच्या तहात इंग्रजांनी बराच मुलूख पेशव्यांना परत केला, पण साष्टी, घारापुरी आणि करंजा ही बेटं सोडली नाहीत. हे करंजा बेट म्हणजेच उरण. मुंबई बंदराच्या तोंडासमोरची जागा हातची घालवायला कंपनी काही खुळी नव्हती. एकोणिसाव्या शतकात इथल्या मिठागरांचं मीठ आणि भट्ट्यांमधली मोहाची दारू मुंबईला जायची आणि दोन्हींवर सरकार भरपूर कर वसूल करायचं. तेव्हा उरण ठाणे जिल्ह्यात होतं. 1883 साली पनवेलसोबत ते कुलाबा जिल्ह्याला, म्हणजे आजच्या रायगडला, जोडलं गेलं. याच तालुक्यातल्या चिरनेरला 25 सप्टेंबर 1930 रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला आणि आठ जण हुतात्मा झाले, त्यात नाग्या महादू कातकरी होते. आणि उद्योगाचंच बोलायचं तर मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्राचा वायू उरणच्या किनाऱ्याला लागला तो सत्तरच्या दशकाच्या शेवटी. न्हावा-शेवा बंदर सुरू झालं 1989 साली. त्याने तालुक्याचा चेहरा पार बदलला, हे कोण नाकारतंय? चेहरा बदलायला तो आधी असावा लागतो, इतकंच.

आता ‘पडीक खाजण’. हा मुद्दा मला सगळ्यात खटकतो, कारण तो अजाणतेपणी क्रूर आहे. खाडीकाठची खारी शेती ज्याने पाहिली असेल तो हे लिहिणार नाही. भरतीचं पाणी अडवायला मातीचा लांबलचक बांध, आणि बांधात उघाडी, म्हणजे पाणी सोडायचा दरवाजा. ओहोटीला तिच्यातून शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं, भरती आली की दार बंद. पहिल्या पावसांनी मातीतला खारटपणा धुऊन काढायचा, मग भात लावायचा. बांधाला एक खांड पडली की समुद्र शेतात, आणि पुढची काही वर्षं त्या जमिनीत धड काही पिकत नाही. म्हणून बांध राखणं हे अख्ख्या गावाचं काम. आगरी-कोळी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे केलं. शेजारी मिठागरं, खाडीत मासळी. या जमिनीला पडीक म्हणायचं तर शेती कशाला म्हणायचं?

‘सरकारने घेतली म्हणून सोनं झालं’ हेही अर्धंच. 1970 पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या 95 गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालचं आंदोलन, 16 आणि 17 जानेवारी 1984 चा जासई परिसरातला गोळीबार आणि त्यातले पाच हुतात्मे, हे सगळं झाल्यावर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना पदरात पडली. सोनं झालं असेल तर ते असं झालं. बंदरासाठी उठवलेल्या शेवा गावातल्या मच्छीमारांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तिथे घरांना वाळवी लागली आणि पुन्हा पुनर्वसन मागायची वेळ आली.

अटल सेतूचं थोडक्यात उरकतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून उरणच्या मोरा बंदराला लाँच जाते, ती या सेतूच्या कितीतरी आधीपासून. मोऱ्याला गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच बंद राहते, ही खरी अडचण. पण अडचण म्हणजे संबंध नसणं नव्हे. उलट सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालतच नाहीत, त्यामुळे स्कूटरवरच्या उरणकराला त्याचं कौतुक लांबूनच. त्याला खरा उपयोग झाला तो 12 जानेवारी 2024 ला उरणपर्यंत आलेल्या लोकलचा.

उरले पाच लाख. 2011 च्या जनगणनेत उरण शहर, म्हणजे नगरपरिषदेची हद्द, 30 हजारांच्या जरा वर होतं. अख्खा तालुका 1 लाख 60 हजारांच्या आसपास. 2001 मध्ये हेच आकडे साधारण 23 हजार आणि 1 लाख 40 हजार होते. म्हणजे बंदर सुरू होऊन दोन दशकं उलटल्यावरही तालुका दहा वर्षांत जेमतेम चौदा टक्क्यांनी वाढला. त्याच दहा वर्षांत पनवेल तालुका सव्वाचार लाखांवरून साडेसात लाखांवर गेला. कंटेनर यार्डाला जागा प्रचंड लागते, माणसं त्यामानाने थोडी, हे त्यामागचं एक सरळ कारण. 2011 नंतरचा जनगणनेचा आकडा कुणाकडेच नाही, तेव्हा ‘पाच लाख’ हा कुणाचा तरी अंदाज आहे, आणि त्यात उलवेही धरलेलं असावं असा मला दाट संशय आहे. नवी मुंबईच्या नव्या वसाहतींपैकी उलवे पनवेल तालुक्यात येतं, द्रोणागिरी उरणमध्ये. उलट बाजूने, शहराला चिकटलेली चाणजे, नागाव, केगाव ही गावं ग्रामपंचायतींत असल्यामुळे शहराच्या आकड्यात धरली जात नाहीत, म्हणून 30 हजार हा आकडाही बाजारात फिरणाऱ्या माणसाला कमीच वाटेल. 2027 च्या जनगणनेचे आकडे आले की उरण नगरपरिषद आणि उरण तालुका या दोन ओळी वेगवेगळ्या वाचा, आणि उलव्याचं उत्तर पनवेलच्या पानावर शोधा.