खुलासा: व्हेनेझुएला केवळ निर्बंधांमुळे बुडाला का?

‘अमेरिकेच्या निर्बंधांनी व्हेनेझुएला बुडवला आणि तिथले तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मादुरो निव्वळ बंदुकीच्या जोरावर टिकले,’ असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही विधानं अर्धवट आहेत.

देशाची कमाई ज्यावर चाले, त्या तेलाचे भाव २०१४ मध्येच गडगडले. २०१६ पर्यंत दुकानांपुढच्या रांगा आणि औषधांचा तुटवडा रोजचा झाला होता. मोठे आर्थिक निर्बंध ऑगस्ट २०१७ मध्ये आले, सरकारी तेल कंपनीवरचे जानेवारी २०१९ मध्ये. त्यांनी हाल वाढवले, हे खरंच; पण सुरुवात त्यांची नव्हे.

लष्कर पाठीशी राहिलं, कारण त्याला वाटा मिळाला. २०१६ मध्ये अन्नपुरवठ्याची सूत्रं संरक्षणमंत्र्यांकडे गेली, पुढच्या वर्षी तीच सरकारी तेल कंपनी एका मेजर जनरलकडे.

सर्वांत क्रूर भाग अन्नाच्या पेटीचा. तांदूळ, पीठ, तेल असलेली ही स्वस्त पेटी सत्ताधारी पक्षाशी जोडलेल्या वस्ती समित्या वाटत. मे २०१८ च्या निवडणुकीत मतदान केंद्रांजवळ पक्षाचे लाल मंडप होते. मतदार तिथे आपलं सरकारी लाभाचं कार्ड नोंदवत होते. घरात पीठ नसताना कोण उघड विरोध करणार?

शिवाय सत्तर लाखांहून अधिक लोक देश सोडून गेले. त्यांत रस्त्यावर उतरू शकणारे कितीतरी तरुण होते.