बाद यादीतलं कळकट पुस्तक

गेला रविवार वाचनालयाच्या पुस्तक पडताळणीत गेला. मी कार्यकारिणीवर आहे, म्हणजे सभेला चहा प्यायचा आणि वर्षातून एकदा धूळ खायची. एकाने दाखल नोंदवहीतून क्रमांक पुकारायचा, दुसऱ्याने कपाटात डोकं घालून 'आहे' किंवा 'नाही' म्हणायचं. फाटकी, वाळवी लागलेली पुस्तकं बाजूला काढून त्यांची बाद यादी करायची.

माझ्या वाट्याला 'विज्ञान व शोध' हे कपाट आलं. तीसेक पुस्तकं असतील. थोर शास्त्रज्ञ, महान संशोधक, शोधांच्या कथा, कथांमागचे शोध. सगळी कोरीकरकरीत. मागच्या पानावरच्या तारखेच्या चिठ्ठ्यांवर दोन-तीन शिक्के, तेही बहुतेक वक्तृत्व स्पर्धेच्या मोसमातले. आणि त्यांच्यात एक कळकट पुस्तक. मुखपृष्ठ गेलेलं, शिवण उसवलेली, पानापानावर ग्रीसचे अंगठे. नोंदवहीत नाव फक्त 'मोटार वाइंडिंग', म्हणजे विजेच्या मोटारीत तारेची वेटोळी भरणं. त्याची चिठ्ठी दोन्ही बाजूंनी भरून वर दुसरी डकवलेली आणि तीही भरत आलेली.

बाद यादीत कोण गेलं, हे सांगायला नकोच.

"अहो ताई, हात लावायची सोय नाही त्याला," आमचे एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले. मी म्हटलं, काका, हात लावून लावूनच ते असं झालंय. तिथे थोडा वाद झाला. तो अर्धवट राहिला, म्हणून उरलेला इथे घालते.

आपल्याकडची शोधांची पुस्तकं शोध कुणी लावला हे सांगतात. कसा लागला, याच्यापाशी आली की एक सफरचंद पाडतात आणि पुढे जातात. जेम्स वॉटचंच बघा. लहानपणी त्याने किटलीचं झाकण उडताना पाहिलं आणि वाफेचं इंजिन सुचलं, हे माझ्या पिढीने पाठ केलं, माझ्या मुलीनेही केलं. पण वाफेचं इंजिन वॉटच्या जन्माआधीपासून इंग्लंडच्या खाणींतून पाणी उपसत होतं. ते थॉमस न्यूकोमेन याने बनवलेलं. वॉट ग्लासगो विद्यापीठात उपकरणं दुरुस्त करायचा. 1763-64 च्या हिवाळ्यात त्या इंजिनाचं एक लहान मॉडेल त्याच्याकडे दुरुस्तीला आलं. दुरुस्त झालं, पण चार फेऱ्या मारून धापा टाकायला लागलं. का, म्हणून तो मागे लागला. दर फेरीला तेच सिलिंडर वाफेने तापवायचं आणि पाण्याने गार करायचं, त्यात बरीचशी वाफ नुसती सिलिंडर तापवण्यातच खर्ची पडत होती. 1765 मध्ये एका रविवारी मैदानावर फिरताना त्याला सुचलं, की वाफ गार करायला वेगळं भांडं ठेवलं तर सिलिंडर गरमच राहील.

इथपर्यंत काही पुस्तकं येतात. खरी गंमत पुढे आहे. कल्पना 1765 ची, पेटंट 1769 चं आणि धंद्याला उपयोगी इंजिनं चालू झाली 1776 मध्ये. मधली अकरा वर्षं गेली कुठे? पैशांची ओढाताण होतीच, पण मोठी अडचण अशी की अचूक गोल सिलिंडर कापून देणारा माणूस सापडत नव्हता. दट्ट्या आणि भिंत यांच्यात फट राहायची आणि वाफ निसटायची. शेवटी तोफांच्या नळ्या कोरणाऱ्या जॉन विल्किन्सनचं यंत्र कामी आलं. हे आठवीच्या पोराला सांगा, त्याचा मामा लेथवर काम करत असेल तर तो ताठ बसून ऐकेल. किटलीच्या गोष्टीत त्याच्या मामाला जागाच नाही.

(आणि आपल्या भाषेची एक खोड. अशा कामाला मराठीत शब्द भरपूर आहेत: खटपट, खुडबुड, उचापती, उपद्व्याप, 'काय उद्योग चाललेत?' पण त्यातला एकही आईने कौतुकाने उच्चारलेला मी ऐकलेला नाही.)

पेनिसिलिनची गोष्ट तशीच अर्धी. 1928, फ्लेमिंग, बशीतली बुरशी, समाप्त. त्या बुरशीतून औषध वेगळं काढायला पुढे दहा-बारा वर्षं गेली आणि ते काम ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी, चेन आणि नॉर्मन हीटली यांनी केलं. युद्ध चालू, सामान मिळेना. हीटलीने दवाखान्यातल्या बेडपॅनमध्ये बुरशी वाढवली. द्रव गाळायचं यंत्र बाटल्या आणि काचेच्या नळ्या जोडून उभं केलं. त्याला सांगाडा कसला? ऑक्सफर्डच्याच बोडलियन ग्रंथालयाने टाकून दिलेल्या एका जुन्या पुस्तकांच्या कपाटाचा. ग्रंथालयाने 'बाद' केलेलं कपाट! नोबेल 1945 मध्ये इतर तिघांना मिळालं, हीटलीला नाही. ऑक्सफर्डने त्याला मानद डॉक्टरेट दिली ती 1990 मध्ये. आमच्या कपाटात फ्लेमिंगवर चार पुस्तकं आहेत, हीटलीचं नाव एकातही नाही. मी उभ्या उभ्या सगळी चाळली.

आता माझ्यावर लोक चिडतील, तरी लिहिते. त्याच कपाटात 1895 साली शिवकर बापूजी तळपदे यांनी चौपाटीवर विमान उडवलं, हे तीन पुस्तकांत जणू डोळ्यांनी पाहिल्यासारखं छापलंय. इंजिन कोणतं, वजन किती, पंख कसले, एक ओळ नाही. 'वैमानिक शास्त्र' या ज्या ग्रंथाचा दाखला नेहमी देतात, त्यातली विमानं उडूच शकत नाहीत, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी 1974 मध्येच हिशोब मांडून दाखवलंय. आणि ज्यांची पेटंटं रीतसर नोंदलेली आहेत, छपाईचे खिळे (धातूची सुटी अक्षरं) पाडायचं यंत्र ज्यांनी बनवलं, ते शंकर आबाजी भिसे (1867-1935)? अर्धं पान. त्यात 'भारताचे एडिसन' ही पदवी आणि एक सूट घातलेला फोटो. खिळे कसे पडत, ते यंत्र जुन्यापेक्षा वेगळं कशात होतं, हे मला अजून एका मराठी बालपुस्तकात सापडलेलं नाही. सापडलं असेल तर सांगा, विकत घेते.

"मग काय, महान लोकांची पुस्तकं ठेवायचीच नाहीत का?" काकांचा प्रश्न. ठेवा हो. पण वाचून झाल्यावर मुलाचा हात कशाकडे वळतो ते बघा.

आफ्रिकेतल्या मलावीचा विल्यम कामक्वाम्बा मी सारखी सांगते, घरचे कंटाळलेत. 2001-02 चा दुष्काळ, फी भरता येईना, चौदाव्या वर्षी शाळा सुटली. गावातल्या प्राथमिक शाळेत एक छोटं ग्रंथालय होतं, अमेरिकेतून दान आलेल्या पुस्तकांचं. तिथे त्याला शाळेचंच एक पाठ्यपुस्तक मिळालं, 'यूजिंग एनर्जी'. मुखपृष्ठावर पवनचक्क्यांची रांग. इंग्रजी धड येत नव्हतं. तो आकृत्या बघायचा आणि त्यांखालचे शब्द शोधून लावायचा. पवनचक्की कशी बांधायची याची कृती त्या पुस्तकात नव्हती. वाऱ्यावर वीज होते, पाणी उपसता येतं, एवढंच होतं. बाकीचं भंगारातून आलं: ट्रॅक्टरचा पंखा, सायकलची चौकट, सायकलचा डायनॅमो, विस्तवावर तापवून सपाट केलेल्या पीव्हीसी पाइपची पाती. गाव वेडा म्हणत होतं. घरात दिवा लागला तेव्हा थांबलं.

मला यात पोराच्या हुशारीइतकंच ते ग्रंथालय महत्त्वाचं वाटतं. शाळेबाहेर पडलेल्या मुलाला त्यांनी पुस्तक दिलं.

आमच्याकडे काय झालं असतं, ते सांगते. अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी करायची पुस्तकं आमच्याकडे आहेत. काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, एवढ्यावर हा माणूस त्रिकोण का हलत नाही आणि चौकोन का लोळतो, हे पोराच्या बोटांना शिकवतो. ही पुस्तकं आम्ही संदर्भ विभागात ठेवली आहेत, काचेच्या कपाटात, कुलपात. कारण? मुलं फाडतात. वाचनालयाच्या टेबलावर काड्या आणि रबर घेऊन बसायचं नाही, हाही नियम. म्हणजे ती तिथे बसून फक्त वाचायची. पोहण्याचं पुस्तक ओट्यावर बसून वाचावं तसं. ग्रंथालयशास्त्राचा कोर्स केलेल्या प्रत्येकाला रंगनाथन यांचा 1931 चा पहिला नियम पाठ असतो: ग्रंथ उपयोगासाठी आहेत. आमच्याकडे तो फ्रेम करून लावलाय. त्याच काचेच्या कपाटावर.

आता यूट्यूब. 'तिथे सगळं दिसतं, पुस्तक कशाला?' हा मुद्दा वादात आलाच. खरं आहे, बसस्टँडमागचे वाइंडिंगवाले आता मोबाइल समोर ठेवून काम करतात, मी बघितलंय. पण त्यांच्यातल्याच एकाने मला सांगितलं, "व्हिडिओत त्याची मोटार सुरू होते ओ, आपली का होत नाही ते तो सांगत नाही." आणि त्याच्या भिंतीवर चिकटवलेला तारेच्या गेजचा, म्हणजे जाडीचा, तक्ता बघितलात? ती आमच्याच पुस्तकाची झेरॉक्स आहे.

तर पुस्तक मी बाद यादीतून माझ्या सहीने काढून घेतलं आणि सोमवारी बाइंडरकडे नेलं. (मायकल फॅरेडे बाइंडरकडेच उमेदवारी करत होता. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा, त्यातले प्रयोग करून बघायचा. आमच्या बाइंडरने मात्र पुस्तक दोन बोटांत धरलं.) त्याने पानं मोजली आणि म्हणाला, त्रेचाळीस-चव्वेचाळीसचं पान नाही. अनुक्रमणिकेत बघितलं, तर तिथे 24 स्लॉटच्या (तार भरायच्या खाचांच्या) सिंगल फेज मोटारीच्या वाइंडिंगची आकृती असायला हवी.

ज्याने फाडलं त्याच्यावर राग नाही. मोटार चालली ना, एवढं कळव. आणि कुणाकडे अशा जुन्या मराठी पुस्तकातलं ते पान असेल, तर फोटो काढून पाठवा. बाइंडरला शनिवारपर्यंत थांबायला सांगितलंय.