लेडीजमध्ये असं येत नाही, मॅडम

गेल्या जुलैत जांबोटीच्या पुढं एका घराच्या साइटवर माझ्या डाव्या बुटाचा सोल निघाला. टाचेजवळ जरा उकलला, अशातला प्रकार नव्हता. पाय चिखलात रुतला, मी तो ओढून काढला, तर बुटाचा वरचा भाग पायाबरोबर वर आला आणि सोल खाली तांबड्या मातीतच राहिला. चार महिन्यांचा बूट. ३,२०० रुपये मोजलेले, बॉक्सवर ‘जेन्युइन लेदर’ छापलेलं.

सळ्या बांधत बसलेले गवंडीमामा ओरडले, “थांबा की मॅडम, पाय टेकू नका, खाली मोळे आहेत!” ते उठून आले, सोल उपसून काढला आणि सळ्या बांधायच्या तारेनं माझ्या बुटाला तीन वेढे मारून दिले. त्या तारेवर मी स्लॅब बघितला, फोटो काढले, खांब मोजले आणि गाडी चालवत बेळगावला परत आले. तीन वाजता मीटिंग होती. तार बांधलेला बूट घालून तिथं जाता येत नव्हतं, म्हणून डिकीतली रबरी चप्पल घातली. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, “मॅडम, फॉर्मल कुठं आहेत?”

मी घरकर्ज देणाऱ्या एका कंपनीत काम करते. बांधकाम किती वर आलंय हे बघून आल्याशिवाय कर्जाचा पुढचा हप्ता सुटत नाही. त्यामुळं आठवड्यातले तीन दिवस मी खानापूर, नंदगड, उचगाव, कुद्रेमनी असं फिरते आणि उरलेले दिवस काचेच्या दारामागं ग्राहकांसमोर बसते. ऑफिसचा नियम आहे: काळे, बंद, फॉर्मल बूट. स्पोर्ट्स शूज चालत नाहीत, सँडल चालत नाही. माझी नियमाबद्दल तक्रार नाही. आयुष्यभराची पुंजी घरात घालणाऱ्या माणसाकडं जाताना नीटनेटकं जावं, हे मलाही पटतं. तक्रार आहे ती दुकानांबद्दल आणि बूट बनवणाऱ्यांबद्दल. मला हवा तो बूट ते बनवत नाहीत, आणि जो बनवतात तो कशाचा आहे हे खरं सांगत नाहीत.

त्या शनिवारी मी गणपत गल्लीपासून सुरुवात केली आणि खडे बाजार पालथा घातला. सात दुकानं झाली. प्रत्येक दुकानात एकच गोष्ट मागितली: काळा बूट, लेसचा, टाच सपाट, खाली जाड रबर, घोटा झाकला तर उत्तम, नंबर चार. आणि प्रत्येक दुकानात एकच उत्तर मिळालं. “लेडीजमध्ये असं येत नाही, मॅडम.” मग समोर काय ठेवलं? बेली. पुढं चोच असलेली, तळ पापडासारखा पातळ. त्याच्यानंतर दोन इंच टाचेचा, बाजूला सोनेरी चेन असलेला बूट, ज्याच्यावर चढून वाळूच्या ढिगावर उभं राहायचं म्हणजे पाय मुरगळून घेणं. एका मुलानं तर मला समजावलं, की “फॉर्मल पाहिजे तर हील घ्यावीच लागते मॅडम, नाहीतर बायकांचं फॉर्मल वाटत नाही.” बावीस वर्षांचा मुलगा मला सांगतोय, की बाईनं नीटनेटकं दिसायचं असेल तर तिला नीट चालता येता कामा नये!

शेजारच्या फळीवर पुरुषांचे बूट होते. डर्बी, चेल्सी, घोट्यापर्यंतचे, रबरी सोलचे, शिवलेले. माझ्याच ऑफिसातला सहकारी माझ्याच साइटवर जातो, त्यानं असलेच एक जोड ४,५०० रुपयांना घेतलेत आणि त्याचे दोन पावसाळे पार पडले. सोमवारी पॉलिश मारतो, मीटिंगला बसतो. मी दुकानदाराला म्हटलं, हाच द्या, चार नंबरात. तर पुरुषांचे नंबर सहापासून सुरू होतात. “आत दोन सोल टाका की मॅडम, बसतंय.” कसं बसेल? बूट लांबीला मोठा असला की तो जिथं मुडपायला पाहिजे तिथं मुडपत नाही, बोटांच्या सांध्याच्या पुढं मुडपतो. टाच आत वर-खाली होते, कातडी सोलवटते. मी हेही करून बघितलंय. एका साइटवर शिडी उतरताना टाच बुटातून सुटली आणि जरा चुकलं असतं तर मी खालच्या सळ्यांवर गेले असते.

मग शाळेचे बूट. हो, एक वर्ष मी मुलांचे काळे शाळेचे बूट घातले, कारण लेसचा सपाट काळा बूट चार नंबरात तेवढाच मिळतो. अख्खा प्लॅस्टिकचा. पाऊस आत येत नाही हे खरं, पण घामही बाहेर जात नाही. संध्याकाळी मोजा पिळला तर पाणी निघायचं, बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या. एका ग्राहकाच्या घरी कागद समजावून सांगत होते, तर त्यांची छोटी मुलगी आईला म्हणाली, “हे दादाचे शाळेचे बूट आहेत.” लेकरू खरं तेच बोललं. चाळीस लाखांच्या कर्जाचे कागद हातात घेऊन मी तिथं बसले होते आणि माझ्या मापाचा एक बूट या बाजारात नाही म्हणून माझ्या पायात एका पोराचे बूट होते. त्या रात्री मला रडू आलं, ते रागानं आलं.

तुटलेला बूट मी टिळकवाडीत छत्रीखाली बसणाऱ्या काकांच्याकडं नेला. या अख्ख्या प्रकरणात मला खरं सांगणारा तो एकच माणूस भेटला. त्यांनी सोल हातात घेतला, कडेनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बाई, ही शिलाई नव्हं. हे साच्यात उमटवलेले टाके.” मी जवळ घेऊन बघितलं. सोलच्या कडेला चौफेर दिसणारे ते सुबक टाके दोऱ्याचे नव्हतेच. रबर ओततानाच टाक्यांचा आकार दिलेला. बूट फक्त डिंकावर उभा होता. पुढं काकांनी आतलं अस्तर उचकटलं. खाली पुठ्ठा. पाणी पिऊन फुगलेला, नखानं खरवडला तर लगदा निघाला. वरच्या ‘लेदर’ची कापलेली कड त्यांनी मला दाखवली. खरं कातडं कापलं तर कडेला तंतू दिसतात, एकात एक गुंतलेले. इथं वर चकचकीत पापुद्रा आणि खाली भुसभुशीत थर होता. कातडीचा वरचा चिवट थर वेगळा काढून महाग विकायचा, खालच्या उरलेल्या थरावर प्लॅस्टिकचा लेप द्यायचा, वर दाणा उमटवायचा आणि त्यालाही ‘जेन्युइन लेदर’च म्हणायचं. म्हणजे छापलेला शब्द खोटा नाही, असं म्हणायला ते मोकळे. ही फसवणूक आहे. मी तिला दुसरा शब्द वापरणार नाही.

असल्या कातड्याला साइटवर पहिल्यांदा मारतं ते सिमेंट. ओलं काँक्रीट चुन्यासारखं दाहक असतं, ते बुटावर तसंच वाळलं की कातड्यातलं तेल शोषून घेतं आणि मुडपायच्या जागी भेगा पडतात. चांगलं कातडं धुऊन, पॉलिश मारून सावरतं. लेप दिलेल्या कातड्याचा पापुद्रा एकदा सुटला की त्याच्यावर पॉलिश धरतच नाही, आणि मग साहेब म्हणतात, मॅडम, बूट जरा बघा.

आणि ते हलके सोल! “एकदम लाइट आहे मॅडम, पायात आहे असं वाटणारच नाही.” माझ्या भावानं लग्नासाठी घेतलेले बूट चार वर्षं कपाटात होते, वर्षातून एकदोनदा घातलेले. चुलत बहिणीच्या साखरपुड्याला घालून निघाला आणि मंगल कार्यालयाच्या पायरीवर सोलचा भुगा झाला. हातात घेतला तर ओल्या केकसारखा तुटत होता. हलका सोल बऱ्याचदा पॉलियुरेथेनचा असतो, आणि त्यातलं बरंचसं पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यानं आतून तुटत जातं, बूट घाला नाहीतर जपून ठेवा. जून ते सप्टेंबर कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते असल्या आमच्या बेळगावात हे सोल विकताना एकाही दुकानदारानं हे सांगितलेलं मी ऐकलेलं नाही. सोल कशाचा आहे विचारलं की उत्तर येतं, “चांगला आहे.”

काकांनी मला सांगितलं काय बघायचं ते. बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली पाहिजे, नाहीतर लेसखालून पाणी शिरतं. सोल वाकवून बघायचा, मधेच मुडपला तर आत पोलादी पट्टी नाही. शिलाई खरी असेल तर दोरा खालून, सोलच्या खाचेतही दिसतो. सगळ्यात टिकाऊ बूट तो, ज्याच्या वरच्या भागाला चामड्याची पट्टी शिवलेली असते आणि सोल त्या पट्टीला शिवलेला असतो. सोल झिजला की पट्टीचे टाके उसवून नवा सोल लावायचा, वरचा बूट तोच राहतो. “असला जोड आणा, मी दहा वर्षं चालवून देतो,” म्हणाले. आणला असता की काका. चार नंबरात बनवतं कोण?

मापाचं तर सांगायलाच नको. आपल्याकडचे बूट आजही परदेशी मापांच्या साच्यावर बनतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातल्या एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले आणि निघालं काय, तर आपले पंजे युरोप-अमेरिकेतल्या लोकांपेक्षा रुंद आहेत. हे मला कुणी मोजून सांगायची गरज नव्हती, माझ्या करंगळीवरचं कुरूप रोज सांगतं. त्या पाहणीतून ‘भ’ नावाची भारतीय मापं सुचवली गेली. खडे बाजारातल्या सातपैकी एकाही दुकानात त्या ‘भ’चा पत्ता नाही. बायकांच्या फॉर्मल बुटाचं टोक अजूनही असं, की पाचही बोटं एकावर एक चढवून आत घालावीत.

उद्यमबागलाही जाऊन आले. फाउंड्रीवाल्यांसाठी तिथं सेफ्टी शूज मिळतात, त्यांच्यावर आयएस १५२९८ हा नंबर असतो, म्हणजे निदान कुणीतरी काहीतरी तपासलेलं असतं. सोल भक्कम, किंमत रास्त. पण पाचच्या खाली नंबर नाही, पुढं लोखंडी टोपी आणि वजन असं, की दिवसभर दुचाकीचा ब्रेक दाबून संध्याकाळी नडगी भरून येते. घालून ऑफिसात गेले तर वॉचमननं विचारलं, कुठल्या कामाला आलाय.

पैशाचं म्हणाल, तर सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारापर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आणि त्याच्यावरच्याला १८. स्वस्त चप्पल-बूट स्वस्त झाले, चांगलंच झालं. पण शिवलेल्या सोलचा, खऱ्या कातड्याचा बूट अडीच हजारात बसतो का? पाच हजारांच्या बुटावर ९०० रुपये कर. जो बूट पाच वर्षं टिकेल त्याला जास्तीचा कर, आणि जो चार महिन्यांत उकिरड्यावर जाईल त्याला सवलत. मी चैन करायला जात नाही हो, मी लोकांच्या घरांचे पाये मोजायला जाते.

सगळ्यात जास्त जिवाला लागतं ते वेगळंच. हा जिल्हा कातडं न शिवता येणाऱ्यांचा असता तर मी गप्प बसले असते. अथणी आपल्याच जिल्ह्यात, निपाणी आपल्याच जिल्ह्यात. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून, आणि त्यात बेळगाव आहे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीनं हातानं शिवलेलं. माझ्या आजोबांचं असलं पायताण वर्षानुवर्षं चाललं, कारण त्यात चिकटवलेलं काही नव्हतं, सगळं शिवलेलं होतं. ते हात इथं आहेत, दोन-तीन तासांच्या रस्त्यावर. त्यांना कुणी चार नंबरचा साचा आणून देत नाही, बायकांच्या बुटाची ऑर्डर देत नाही. आणि माझ्या बाजारात येतो तो खोट्या टाक्यांचा, पुठ्ठ्याचा माल.

ऑनलाइन बघा म्हणणाऱ्यांना सांगते, बघितलं. तीन मागवले, तीन परत पाठवले. ‘वर्क बूट, विमेन’ म्हणून आलेल्या एकाच्या बाजूची लेस नुसती शोभेची होती, ओढली तर हातात आली.

बेळगावातल्या पोलीस बायका, वनखात्यातल्या बायका, वीजमंडळातल्या, सर्वेला फिरणाऱ्या, गावोगावच्या नर्सबाई, आम्ही काय हवेतून चालतो? पावसात तुमच्यासारख्याच निघतो. चिखल आम्हालाही लागतो आणि पगारही आम्हाला मिळतो, उसना मागत नाही आम्ही.

काकांनी तो जुना बूट चौफेर दोऱ्यानं शिवून दिलाय, आत कातड्याचा तळ घातलाय, २५० रुपये घेतले. वर्तमानपत्र कोंबून सावलीत वाळवतेय. सोमवारी परत जांबोटी. पापुद्रा सुटतोच आहे, अजून एक पावसाळा काही निघायचा नाही. तेव्हा कुठलाही दुकानदार, कुठलाही कारखानदार हे वाचत असेल तर लिहून घ्या: नंबर चार, काळा, लेसचा, सपाट टाच, पंजा रुंद, जीभ दोन्हीकडून शिवलेली, सोल शिवलेला, खऱ्या दोऱ्यानं. पाच हजार रुपये वेगळे काढून ठेवलेत.