व्हिसा मिळाला, ही साक्ष होते का?

मराठी ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक वाद अधूनमधून डोकं वर काढतो: साक्षीच्या वेळी, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं हे सभेत उभं राहून सांगताना, कोणी काय सांगावं? मुलाला जर्मनीचा व्हिसा मिळाला, सुनेला कायमची नोकरी लागली, फ्लॅटचं कर्ज मंजूर झालं. प्रभूनं दार उघडलं, आमेन. काहींच्या मते ही साधी उपकारस्तुती आहे, तिला नाक मुरडण्याचं कारण नाही. काहींना त्यात समृद्धीच्या सुवार्तेचा, म्हणजे श्रद्धेचं फळ पैसा आणि यश या शिकवणीचा, वास येतो. इथे जर्मनीत बसून पाहताना दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला पटतं, पण वेगळ्या कारणानं. पैसा वाईट म्हणून नव्हे. तिसऱ्या बाकावर त्याच महिन्यात व्हिसा नाकारला गेलेला एक तरुण बसलेला असतो. दार उघडणं हीच कृपेची खूण ठरवली, तर त्याच्या बंद दाराचा अर्थ त्यानं काय लावायचा?

परदेशी निघालेल्यांच्या हातात सहसा बायबलमधलं यिर्मया 29:11 हे वचन दिलं जातं. देवाचे संकल्प हिताचे आहेत, भविष्याची आशा देणारे आहेत, एवढंच कार्डावर छापतात. पण हे यिर्मया संदेष्ट्यानं बाबेलमध्ये (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुदी लोकांना पाठवलेलं पत्र आहे. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं पूर्ववत होईल असं सांगतो आणि खोटा ठरतो. यिर्मया सांगतो सत्तर वर्षं. तेही अगदी लागून, दहाव्या ओवीत. म्हणजे पत्र ऐकणाऱ्या तिशीतल्या माणसाला परतीचा दिवस दिसणारच नव्हता. मधल्या काळासाठी त्याला काम मात्र दिलेलं आहे: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा आणि ज्या नगरात नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. फिलिप्पैकरांस पत्र 4:13 ची, म्हणजे 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्व काही करू शकतो' या वचनाची, गतही तीच. परीक्षेच्या आणि मुलाखतीच्या आदल्या रात्री ते पाठवलं जातं. प्रेषित पौल मात्र ते बंदिवासातून लिहितो, आणि त्याआधीच्या दोन ओव्यांत विपुलता आणि उपासमार या दोन्हींत तृप्त राहायला आपण शिकलो, असं म्हणतो. वचन देणाऱ्यानं निदान मागच्या-पुढच्या पाच ओव्या वाचून दाखवाव्यात.

मंडळीत ज्याला आशीर्वाद म्हणतात, त्यातलं बरंचसं इथे शेजारीपाजारी सर्वांकडे असतं: नियमित पगार, आरोग्यविमा, निवृत्तिवेतन. चर्चमधून नाव काढणाऱ्यांची रांग तरीही हटत नाही. 2022 साली एकट्या कॅथोलिक चर्चमधून 5 लाखांहून अधिक लोक बाहेर पडले. लैंगिक अत्याचारांची प्रकरणं हे त्याचं एक मोठं कारण. दुसरं कारण पगाराच्या चिठ्ठीवर छापलेलं असतं. चर्चकर, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या पगारातून कापला जाणारा कर, बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8 टक्के, बाकी राज्यांत 9 टक्के. हा टक्का उत्पन्नावर नसून आयकरावर असतो, हे नवख्यांच्या ध्यानात येत नाही. वर्षाचा आयकर 10,000 युरो असेल तर 9 टक्क्यांनी चर्चकर 900 युरो. दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, मोजून देणाऱ्या मराठी घराला हा आकडा फार मोठा वाटू नये.

पत्ता नोंदवताना धर्माचा रकाना येतो. तिथे 'कॅथोलिक' लिहिलं की कपात सुरू होते. मग कोणी तरी सल्ला देतो, सरकारी कचेरीत जाऊन नाव काढ, मिस्साला जायला कोण अडवतंय? अडवतात. जर्मन बिशपांच्या 2012 च्या आदेशानुसार अशा माणसाला कम्युनियन (ख्रिस्तप्रसाद) आणि पापनिवेदन घेता येत नाही, धर्मपिता होता येत नाही. अपवाद मरणाच्या धोक्याचा. या आदेशावर टीका करायला भरपूर जागा आहे, आणि संस्कारांना पैशाशी बांधणं मलाही खटकतं. पण नोकरी मिळाल्याची साक्ष देऊन आलेला माणूस पहिल्याच पगारानंतर नऊ टक्के वाचवायला धावतो, तेव्हा त्या साक्षीचा पाया कळून येतो.

यशाच्या पलीकडे अर्थ शोधायचा म्हणजे नेमकं काय करायचं? जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस लोयोला याची रोजच्या आत्मपरीक्षणाची रीत प्रोटेस्टंट घरांतही सहज चालेल. रात्री पंधरा मिनिटं पुरतात. आधी दिवसाबद्दल आभार, मग प्रकाशासाठी प्रार्थना. नंतर सकाळपासूनचे तास एकेक करून पाहायचे, चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्यासाठी एक ठराव करायचा. एकच. नोकरदार माणूस इथे हमखास घसरतो: पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर जातो, आणि प्रार्थनेचं ऑफिसातलं अप्रेझल होतं. आठवडाभरात स्वतःला गुण देणं सुरू होतं, पंधरवड्यात वही बंद पडते. म्हणून आभाराला निदान तीन मिनिटं द्यावीत, आणि त्यात मिळकतीची गोष्ट शक्यतो घेऊ नये.

मायदेशी दुसराही एक वाद आहे, आमिषाचा. ओडिशानं 1967 साली आणि मध्य प्रदेशानं 1968 साली कायदे केले तेव्हापासून प्रलोभनानं धर्मांतर हा आरोप ख्रिस्ती माणसाच्या मागे आहे. त्याला उत्तर देताना आपण ख्रिस्ती झालेले कवी नारायण वामन टिळक यांचं नाव घेतो, आणि ते योग्यच आहे. 1895 साली बाप्तिस्मा घेतल्यावर त्यांच्या पदरी पडला तो घरच्यांचा विरह; पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी परत आल्या. 1917 साली त्यांनी मिशनचं वेतनही सोडलं आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभा केला. पण रविवारी वेदीजवळून पगारवाढीच्या साक्षी द्यायच्या आणि सोमवारी टिळकांचा दाखला द्यायचा, हे जुळत नाही. आरोप करणाऱ्याला पुरावा आपणच पुरवतो.

पाळकांना यावर एक उपाय करता येईल. साक्ष देणाऱ्याशी आदल्या दिवशी बोलून घ्यावं. व्हिसाची बातमी असेल तर ती उपकारस्तुतीच्या यादीत वाचावी, आजारातून उठलेल्यांच्या आणि बाळंतिणींच्या नावांबरोबर. साक्षीची पाच मिनिटं मात्र अर्ज नामंजूर होऊनही प्रार्थनासभेला येत राहिलेल्याला द्यावीत, अर्थात त्याची तयारी असेल तर.