एक ताऱ्याच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर: घरघर, चरचर आणि घुमणारा माइक

राम राम भाऊ,

तुमचा अभिप्राय वाचला, सोबतचा व्हिडिओही हेडफोन लावून ऐकला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आमच्याकडून इंटरफेस (गिटार-माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा) आणि कंडेन्सर माइक नेला. इलेक्ट्रिक गिटार जोडली की सतत घरघर येते, डिस्टॉर्शन लावलं की नुसती चरचर होते, वाजवलेलं कानाला उशिरा ऐकू येतं आणि माइकवर घेतलेली अकूस्टिक पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखी घुमते. म्हणून माल खराब, दुकानदार फसवा, आणि पुण्याहून मागवलं असतं तर बरं झालं असतं.

पुण्याच्या दुकानात हेच मॉडेल मिळतं आणि तुमच्या खोलीत ते असंच वाजलं असतं. व्हिडिओत जे दिसतं आणि ऐकू येतं त्यावरून इंटरफेस खराब वाटत नाही. पण आमच्या शब्दावर विसंबू नका, दोन मिनिटांत स्वतः तपासा. इंटरफेसमधून गिटार, माइक सगळं काढा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गेन (येणारा आवाज वाढवणारं बटण) शून्यावर ठेवून दहा सेकंद रेकॉर्ड करा. सॉफ्टवेअरचं मीटर −८० डीबीच्या खाली राहिलं पाहिजे. मग गेन पूर्ण वाढवून पुन्हा करा. आता बारीक ‘स्स्स’ ऐकू येईल, ती कुठल्याही प्रीअँपची, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या आतल्या सर्किटची, असते. पण काहीही न जोडता घरघर ऐकू आली, तर दोष यंत्राचा, आणि पुढचं वाचायची गरज नाही. बदलून देऊ.

ती आली नाही, तर घरघर बाहेरून येते आहे.

व्हिडिओत गिटार स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) पद्धतीची, सिंगल कॉइलची आहे, म्हणजे तारांखालच्या प्रत्येक पिकअपमध्ये वायरचं एकच वेटोळं आहे. असं पिकअप तारांची कंपनं पकडतं तशीच आजूबाजूच्या वायरिंगची ५० हर्ट्झची लहरही पकडतं. तुमच्या क्लिपमधला आवाज मात्र साध्या ‘हं’पेक्षा टोकदार, करकरीत आहे. कारण मागे भिंतीवर दिसतं: पंख्याचा गोल, सलग फिरणारा रेग्युलेटर मधोमध ठेवलेला. हा डिमर पद्धतीचा असतो, विजेची लहर दर अर्ध्या फेरीला कापतो, आणि ते कापणं पिकअपमध्ये शिरतं. टप्प्याटप्प्याने कट-कट फिरणारा कॅपॅसिटरवाला रेग्युलेटर सहसा हा त्रास देत नाही. तसा बसवेपर्यंत रेकॉर्डिंगच्या वेळी पंखा बंद ठेवा, किंवा पूर्ण वेगावर. मधल्या वेगावर नको. स्वस्त एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जरही थोडी भर घालतात. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर रेकॉर्ड करत असाल, तर तो स्क्वेअर वेव्हचा आहे की साइन वेव्हचा, ते बघा. स्क्वेअर वेव्हवर स्वच्छ टेक (एका दमात केलेलं रेकॉर्डिंग) विसराच.

पुढची पायरी: चार्जर काढून घरघर कमी होते का? होत असेल, तर प्रश्न चार्जरचा आणि अर्थिंगचा. लॅपटॉपच्या धातूच्या भागाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर हीच खूण पक्की. वायरमनला बोलावून मल्टिमीटरने सॉकेट तपासून घ्या, स्वतः तारा घालू नका. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० व्होल्टच्या आसपास आणि फेज-अर्थमध्येही जवळपास तेवढंच दिसलं पाहिजे. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ बरंच कमी दाखवत असेल, तर तिसरी पिन नावालाच आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठक्क पडते, अर्थिंगचा खड्डा सुकतो आणि हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंगही ढिलं पडतं. खड्ड्यात पाणी ओतून पुन्हा मोजायला सांगा. आणि एक गोष्ट कधीच करू नका. घरघर जावी म्हणून प्लगची अर्थ पिन तोडायचा सल्ला इंटरनेटवर फिरतो. गिटारच्या तारांवर हात ठेवून बसणाऱ्या माणसाच्या जिवाशी तो खेळ आहे.

तारांना हात लावल्यावर घरघर कमी होत असेल, तर ते सिंगल कॉइल गिटारला स्वाभाविक आहे. हात लावल्यावर वाढत असेल, तर गिटारच्या आतली ग्राउंड वायर किंवा घराचं अर्थिंग तपासायला हवं. सर्वात स्वस्त उपाय मात्र खुर्ची फिरवणं. लॅपटॉपपासून चार-पाच फूट लांब बसा, गिटार हळूहळू नव्वद अंश वळवा. एका कोनात आवाज एकदम पडतो, तिथेच बसून वाजवा. बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं असतं. तुमच्यात तसं असेल, तर पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवल्यावर घरघर बरीच नाहीशी होते.

आता जोडणीकडे. तुमची केबल इंटरफेसच्या पुढच्या जॅकमध्ये आहे, पण ‘इन्स्ट’चं (इन्स्ट्रुमेंट, म्हणजे वाद्याचं) बटण बंद आहे, त्याचा दिवा व्हिडिओत लागलेला नाही. म्हणजे गिटार लाइन इनपुटवर चालली आहे. गिटारच्या पॅसिव्ह (बॅटरी नसलेल्या) पिकअपला साधारण १ मेगाओहमचं इनपुट लागतं. लाइन इनपुट बहुतेकदा १० ते ५० किलोओहमचं असतं, म्हणजे कितीतरी पट खाली. पिकअपवर एवढा भार पडला की वरचा उजेड जातो आणि आवाज मंदावतो. मग तुम्ही गेन वाढवता, आणि घरघरही त्याच्यासोबत वाढते. बटण दाबा, गेन शून्यावर आणा, सर्वात जोरात वाजवायचा तो स्ट्रोक मारत गेन हळूहळू वर घ्या. शिखर −१० ते −६ डीबीच्या दरम्यान आलं की थांबा. रेकॉर्डिंग २४ बिटवर असू द्या. त्यात एवढी जागा असते की मीटर लाल करण्याची काहीच गरज नाही. हंबकरवाली (दोन वेटोळ्यांच्या, जास्त जोरकस पिकअपची) गिटार जोडाल, तर गेन शून्यावरही पुरतो. केबल सहा मीटरच्या आत ठेवा. लांब केबलची कपॅसिटन्स वरचे सूर खाते. आणि स्पीकरची केबल गिटारला लावू नका, तिला शील्ड नसते.

उशिरा ऐकू येणं हे निव्वळ सेटिंग आहे. तुमच्या स्क्रीनवर बफर, म्हणजे लॅपटॉप आवाजाचा एका वेळी साठवायचा तुकडा, १०२४ सॅम्पलचा दिसतो. ४४.१ किलोहर्ट्झला तो एका दिशेने २३ मिलिसेकंद घेतो, जाऊन-येऊन पन्नासच्या घरात. यावर ताल धरणं अशक्य. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर आवाजाचा उशीर कमी करणारं सॉफ्टवेअर) घाला, सॉफ्टवेअरमध्ये तोच निवडा आणि बफर १२८ वर आणा. कडकड सुरू झाली तर २५६. मिक्सिंगच्या वेळी पुन्हा १०२४ चालेल. आणि डायरेक्ट मॉनिटरचं (गिटार लॅपटॉपमध्ये न जाता थेट हेडफोनला ऐकवणारं) बटण बंद करा. ते चालू असल्यामुळे तुम्हाला कोरडी गिटार आणि सॉफ्टवेअरमधून उशिरा आलेली गिटार एकावर एक ऐकू येते. दोन्ही मिळून काही सूर एकमेकांना मारतात, म्हणून पोकळ वाटतं.

चरचरीचं कारण वेगळं. डिस्टॉर्शननंतर तुमच्या साखळीत कॅबिनेटच (अँपची स्पीकरपेटी) नाही. गिटार अँपचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर झपाट्याने उतरतो, आणि डिस्टॉर्शनची कर्कश टोकं तोच गिळतो. सॉफ्टवेअरमध्ये ते काम इम्पल्स रिस्पॉन्स, म्हणजे आयआर फाइल (स्पीकरपेटीच्या आवाजाचा ठसा), करते. न्यूरल अँप मॉडेलर हे अँपची नक्कल करणारं सॉफ्टवेअर फुकट आणि चांगलं आहे, त्यातच आयआर भरायची जागा आहे; त्यात चढवलेलं मॉडेल फक्त अँपचं असेल, तर आयआर नसताना तुमच्यासारखीच चरचर येते. आयआर नेहमी अँपच्या नंतर, आधी नाही. त्यानंतर इक्वलायझरवर ८० हर्ट्झच्या खालचं आणि ७ ते ८ किलोहर्ट्झच्या वरचं कापा. सर्वात जाड ई तार ८२ हर्ट्झची आहे, त्यामुळे खालचं काही गमवत नाही.

आणि गेन खाली आणा. खोलीत एकट्याने वाजवताना जेवढं डिस्टॉर्शन गोड वाटतं, त्याच्या निम्मं रेकॉर्डिंगला पुरतं. जाडी हवी असेल तर तोच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा सुरांचा तुकडा) दोनदा वाजवा, एक पूर्ण डावीकडे, एक पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन बाजूंना टाकलात तर आवाज फक्त मोठा होईल, रुंद होणार नाही. दोन वेगळ्या टेकमधला बारीक फरकच ती रुंदी देतो. प्रत्येक टेकआधी ट्यूनर लावा. दोन टेकमध्ये सूर हलला तर सगळी मेहनत पाण्यात.

राहिला माइक. तुम्ही तो साउंड होलच्या (गिटारच्या गोल भोकाच्या) समोर, हातभर अंतरावर ठेवला आहे. गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि त्या भोकातूनच बाहेर पडते. म्हणून ती गडगड. माइक बाराव्या फ्रेटसमोर (दांड्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीसमोर) आणा, ८ ते १२ इंचांवर, तोंड किंचित भोकाकडे झुकवलेलं. जवळ नेला की खालचे सूर फुगतात, लांब नेला की खोली ऐकू येते. इंचाइंचाने सरकवत हेडफोनमध्ये ऐकून जागा ठरवा. कंडेन्सर माइकला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण माइक जोडल्यावर, गेन शून्यावर असताना दाबा.

डब्याचा परिणाम खोलीचा आहे. शहाबादी फरशी, गिलाव्याच्या उघड्या भिंती, वर स्लॅब. एक टाळी वाजवून बघा, मागे ‘टर्र’ येईल. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्याने जवळपास काही शोषलं जात नाही. कापसाची चार इंची गादी मात्र उत्तम काम करते, आणि ती आपल्याकडे घरोघरी आहे. ती माइकच्या मागे नव्हे, वाजवणाऱ्याच्या पाठीमागे उभी करा. कार्डिओइड (एका बाजूनेच ऐकणारा) माइक समोरून ऐकतो, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारा आवाजच त्याला दिसतो. भिंतीपासून चार इंच अंतर सोडलंत तर फायदा वाढतो. खाली दोन गोधड्या अंथरा. बसायची जागा कोपऱ्यात आणि खोलीच्या अगदी मधोमध नको.

कूलर रेकॉर्डिंगपुरता बंद ठेवा. एरवीही गिटार त्याच्या ओल्या झोतात ठेवू नका, आणि पंचेचाळीस अंशांच्या कोरड्या खोलीत उघडीही ठेवू नका. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. त्याखाली फ्रेटबोर्ड आकसतो, फ्रेटची टोकं बाहेर येतात, तारा खाली बसून बझ करतात, आणि तो बझ माइक इमानदारीने पकडतो. केसमध्ये ह्युमिडिफायर (ओलावा टिकवणारं साधन) ठेवा.

हे सगळं करून पहिल्या चाचणीतली घरघर दिसली, तर बिल आणि खोका घेऊन या, इंटरफेस बदलून मिळेल, वाद नाही. नुसती शंका असली तरी जळगावला येताना गिटार आणि लॅपटॉप घेऊन या, दुकानात जोडून ऐकवू. पण चार्जर आणि केबल तुमचीच आणा. आमच्या केबलवर ऐकवलं तर घरी काय बिघडतं, ते कळणार नाही.

धन्यवाद.