‘साप-फुलपाखरू’ डाळिंब खात नाही

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबकेश्वरकडे ताटलीएवढा पतंग कुणाच्या तरी भिंतीवर बसतो, फोटो निघतो आणि नाशिकच्या ग्रुपांवर तोच मजकूर फिरायला लागतो: ‘साप-फुलपाखरू. चावा विषारी. पंखांची भुकटी डोळ्यात गेली की दृष्टी जाते. बागेत शिरलं तर डाळिंबं फस्त करतं.’ फोटो अ‍ॅटलास पतंगाचा असतो, तेवढा खरा.

हे फुलपाखरू नव्हे. मिशा पाहा: फुलपाखराच्या मिशांना टोकाशी गाठ असते, याच्या पिसासारख्या फाटे फुटलेल्या, नराच्या जास्त रुंद. बहुतेक पतंगांचे पुढचे-मागचे पंख राठ केसाने अडकवलेले असतात. तो शोधू नका, अ‍ॅटलास ज्या कुळातला त्या सॅटर्निडी कुळात तो नसतोच. पंखांवर खवले नसलेल्या पारदर्शक तिकोनी खिडक्या दिसल्या की अ‍ॅटलास. पंखांवर डोळ्यासारखा गोल ठिपका असेल तर बहुधा टसर रेशमाचा पतंग, लांब शेपट्या असतील तर चंद्र पतंग.

‘साप’ म्हणजे पुढच्या पंखाचं बाकदार टोक. आणि चावणार कशाने? प्रौढाला कामाची सोंडच नाही. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे काढतो.

भुकटी म्हणजे सुटलेले खवले. डोळे चुरचुरले तर चोळू नका, स्वच्छ पाण्याने धुवा. आंधळेपण वगैरे काही येत नाही.

डाळिंबाचा मुद्दा मात्र सटाणा-मालेगावकडच्या बागाइतदाराला महागात पडू शकतो, कारण खरा चोर त्यात सुटतो. तो म्हणजे रस शोषणारा पतंग, युडोसिमा. पुढचे पंख वाळल्या पानासारखे. मिटून बसला की मागचे काळे डाग असलेले पिवळे-नारिंगी पंख झाकले जातात. याची सोंड टणक, टोकाला काटेरी. सालीला टाचणीएवढं भोक पडतं, आतला गर शोषला जातो. मग त्याच भोकातून बुरशी-जिवाणू शिरतात, फळ सडतं आणि गळतं. दिवसा पतंग दिसत नाही, म्हणून दोष भलत्यावर जातो. अंधार पडल्यावर टॉर्च मारून फळं तपासा, त्याचे डोळे चमकतात. अळीसाठी डाळिंबावर फवारणी म्हणजे पैसे पाण्यात, कारण अळी वाढते बांधावरच्या गुळवेल-वासनवेलीवर. वेली बागेलगत ठेवू नका, फळं पिकण्याआधीच पिशव्या चढवा, गळालेली फळं रोज उचलून पुरा. सडक्या फळांच्या वासाने आणखी पतंग येतात.